हौशी छायाचित्रण : ठाणे व कल्याण-डोंबिवली

अर्थार्जनाचा हेतू न ठेवता, केवळ आवडीखातर किंवा आठवण जपण्यासाठी केलेल्या छायाचित्रणास हौशी छायाचित्रण म्हणतात. घरगुती समारंभ, सहली, रोजच्या जाण्यायेण्यातील दृश्ये, निसर्ग आणि वास्तू हे त्याचे नेहमीचे विषय होत. व्यावसायिक छायाचित्रकार दुसऱ्याच्या मागणीनुसार काम करतो, तर हौशी छायाचित्रकार आपला विषय स्वतः निवडतो. दोघांतील खरा भेद हाच असून तो कॅमेऱ्याच्या किंमतीवर किंवा कौशल्यावर अवलंबून नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हौशी छायाचित्र बहुधा कुटुंबाच्या अल्बममध्येच राहत असे. अंकीय म्हणजे डिजिटल कॅमेरा आणि इंटरनेट यांच्या प्रसारानंतर ते अपरिचितांनाही पाहता येईल अशा रीतीने प्रसृत होऊ लागले. त्यामुळे झपाट्याने रूप पालटणाऱ्या नगरांचे एक दृश्य दप्तर, कोणी न सांगता, नागरिकांकडूनच तयार झाले. मुंबईलगतचा ठाणे व कल्याण-डोंबिवली हा पट्टा याचे ठळक उदाहरण आहे. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे महानगरपालिकेच्या क्षेत्रात सु. १८·४ लक्ष, तर कल्याण-डोंबिवलीत सु. १२·५ लक्ष लोकवस्ती होती. यांतील पुष्कळसे रहिवासी रोज लोकलने मुंबईस जाऊन येणारे नोकरदार असून त्यांच्यातील कॅमेरा बाळगणारा मनुष्य मुख्यतः सुटीच्या दिवसाचा छायाचित्रकार असतो.

पूर्वपीठिका : लुई दागेअर यांची छायाचित्रणाची पद्धती १८३९ मध्ये पॅरिस येथे जाहीर झाली आणि त्याच दशकाच्या सरतेशेवटी तिची वार्ता मुंबईस पोहोचली. १८५४ मध्ये मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या सभासदांत यूरोपीय अधिकाऱ्यांचा भरणा असला, तरी डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही तीत होते. १८५५ च्या सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग चालू झाला. विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन यांनी १८५६–५८ या काळात मासिक स्वरूपात प्रसिद्ध केलेल्या चित्रसंग्रहाच्या नावातच ‘अमॅच्युअर’ म्हणजे हौशी हा शब्द होता. मात्र त्या काळचा हौशी मनुष्य म्हणजे सवड आणि पैसा या दोन्ही गोष्टी बाळगणारा. काचेच्या पट्टीवर ओले रसायन पसरून ती वाळण्याच्या आत चित्र घ्यावे लागे, आणि तंबूवजा अंधारखोली सोबत वाहून न्यावी लागे.

ठाणे जिल्ह्यात आगगाडी व छायाचित्रण ही दोन्ही एकाच दशकात आली. बोरीबंदर ते ठाणे हा सु. ३४ किमी. चा लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी खुला झाला व पुढील वर्षी तो कल्याणपर्यंत पोहोचला. अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवमंदिर (शके ९८२, इ. स. १०६०) मुंबई सरकारने १८६८ मध्ये तपासून घेतले, तेव्हा रेखाचित्रे व साचे यांच्याबरोबर छायाचित्रेही घेण्यात आली. वास्तूची नोंद ठेवण्याचे साधन म्हणून छायाचित्राचा या भागात झालेला हा एक आरंभीचा उपयोग होय. तो सरकारी होता. सामान्य नागरिकाच्या हाती हे साधन येण्यास पुढे शंभर वर्षे लागली.

जॉर्ज ईस्टमन यांच्या कोडॅक कॅमेऱ्याने (१८८८) छायाचित्र टिपणे व ते धुऊन छापणे ही दोन कामे एकमेकांपासून वेगळी केली. कॅमेऱ्यात शंभर चित्रांची गुंडाळी भरलेली असे आणि ती संपली, की कॅमेराच कारखान्याकडे पाठवावयाचा. महाराष्ट्रातील मध्यमवर्गाला मात्र छायाचित्रणाची खरी ओळख स्वातंत्र्योत्तर काळात झाली. बडोद्यात तयार होणारा ‘आग्फा क्लिक ३’ हा साधा पेटीवजा कॅमेरा १९६०–८० या काळात अनेक मराठी घरांत होता. त्यात एका रोलवर बारा चौरस चित्रे येत. उदकमंडलम् येथील ‘हिंदुस्थान फोटो फिल्म्स’ या सरकारी कंपनीची (स्थापना १९६०) ‘इंदू’ ही कृष्णधवल फिल्म बाजारात मिळे. रोल महाग असल्याने बारा चित्रे गणपती, मुंज, महाबळेश्वरची सहल व एखादे बारसे एवढ्यांत पुरवून वापरली जात; परिणामतः एकाच रोलवर वर्षभराचे सण आढळतात. या काळातील अल्बममध्ये माणसे विपुल आहेत, पण ती ज्या गावात राहत होती तो गाव फारसा दिसत नाही. डोंबिवलीतील भातशेती व कौलारू घरे जाऊन इमारती उभ्या राहिल्या त्या काळाची चित्रे घरोघरच्या संग्रहांत सापडतात, ती बहुधा कोणाच्या तरी खांद्यामागे, चुकून आलेली.

फिल्मच्या काळात गंभीरपणे हा छंद करणाऱ्यांना संस्थांचा आधार असे. मुंबईची ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया’ १९३७ मध्ये, तर ‘फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी’ ही देशव्यापी संघटना १९५३ मध्ये स्थापन झाली. ठाण्यातही ‘फोटो सर्कल सोसायटी’सारखी संस्था प्रदर्शने व शिबिरे भरवीत आली आहे. अशा संस्थांची अभिरुची दीर्घकाळ ‘सलोन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धात्मक प्रदर्शनांनी घडविली. धुके, होडी, पाठमोरी स्त्री, कवडशात उडणारी धूळ या विषयांना तेथे मान होता. स्टेशनाबाहेरच्या रिक्षांच्या रांगेला नव्हता.

अंकीय तंत्र व प्रसार : प्रकाशाचे विद्युत् भारात रूपांतर करणारी सीसीडी ही प्रयुक्ती १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत निर्माण झाली. तिचा उपयोग करून कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये कॅमेरा बनविला. त्याचे चित्र सु. दहा हजार बिंदूंचे असून ते कॅसेटच्या फितीवर नोंदले जाण्यास २३ सेकंद लागत. आजचा साधा मोबाइल फोन क्षणार्धात एक कोटीहून अधिक बिंदूंचे चित्र घेतो. अंकीय चित्राबरोबर आणखी एक गोष्ट जन्मास येते व तिचे महत्त्व सर्वसाधारण वापरणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. चित्राच्या संगणकीय संचिकेतच दिनांक, वेळ, भिंगाचे माप आणि सोय चालू असल्यास अक्षांश-रेखांश यांची नोंद आपोआप होते. ‘एक्झिफ’ या नावाने ओळखली जाणारी ही नोंद म्हणजे जुन्या अल्बममधील चित्रामागे शाईने लिहिलेल्या तारखेचा अवतार म्हणावयास हरकत नाही. शाईची तारीख पुष्कळदा लिहावयाची राहून जाई. ही राहत नाही. तथापि निरोप पाठविण्याच्या लोकप्रिय साधनांवरून चित्र पुढे धाडले, की ते आकुंचित होते व ही नोंदही बहुधा गळून पडते. हातोहात फिरून आलेल्या चित्राचे स्थळ व काळ सांगता येत नाहीत याचे मुख्य कारण हेच.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. तिच्यावर चित्रे मांडण्याची सुलभ सोय मात्र २००४ नंतर मिळाली. ‘फ्लिकर’ या कॅनडातील संकेतस्थळावर (२००४) प्रत्येक चित्रास स्वतंत्र पृष्ठ, शीर्षक, वर्णन व विषयदर्शक शब्द देता येत. त्यामुळे ‘कल्याण’ किंवा ‘माहुली’ असा शब्द शोधला असता परस्परांशी ओळख नसलेल्या माणसांची चित्रे एकत्र येत. स्पेनमध्ये २००५ मध्ये निघालेल्या ‘पॅनोरामिओ’वर चित्र नकाशावरील नेमक्या जागी लावता येई. घाटवाटा, खेड्यांतील देवळे, धरणांचे जलाशय अशा, पर्यटनाच्या पुस्तकांत ज्यांना जागा मिळाली नसती त्या स्थळांची चित्रे तेथे हौशी प्रवाशांनी लावली. याच सुमारास गूगलच्या ‘ऑर्कुट’ व ‘पिकासा’ या सेवा भारतात लोकप्रिय होत्या. ‘इन्स्टाग्राम’ २०१० मध्ये सुरू झाले. त्याचा ओघ मुख्यतः मोबाइल फोनवर असल्याने कॅमेरा विकत न घेतलेली माणसेही छायाचित्रकार झाली. २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाल्यावर हा प्रसार सार्वत्रिक झाला. लोकलच्या डब्यात मोठा कॅमेरा काढणे अवघड आणि काहीसे संकोचाचे. फोनने तो संकोच दूर केला.

विषय व उपयोग : या पट्ट्यातील हौशी छायाचित्रांत काही विषय पुन्हापुन्हा आढळतात. ठाण्याचा मासुंदा तलाव व त्याच्या काठचे कौपिनेश्वर मंदिर, उपवन, येऊरचे डोंगर, घोडबंदरचा किल्ला, कल्याणच्या खाडीकाठचा दुर्गाडी, अंबरनाथचे मंदिर, मलंगगडाची आकृती हे त्यांपैकी होत. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रा आणि दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रस्त्यावर जमणारी तरुणाई यांचीही दरवर्षी शेकडो चित्रे निघतात. यांतील पुष्कळशी परस्परांसारखीच असतात आणि त्यांत नावीन्य शोधणे व्यर्थ होय. परंतु एकाच जागेचे वीस वर्षांत वीस जणांनी घेतलेले चित्र हे त्या जागेच्या इतिहासाचे साधन ठरते, मग प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे कितीही सामान्य असो.

कल्याण व ठाकुर्ली यांच्या दरम्यान लोहमार्गावरून जाणारा पत्री पूल हे याचे उत्तम उदाहरण आहे. १९१४ मध्ये बांधलेला हा पूल धोकादायक ठरल्याने नोव्हेंबर २०१८ मध्ये रेल्वे वाहतूक बंद ठेवून पाडण्यात आला आणि नवा पूल जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला. शंभर वर्षे हजारो लोक ज्यावरून गेले त्या पुलाकडे ‘चित्र घेण्याजोगी वस्तू’ म्हणून फारसे कोणी पाहिले नव्हते. तो पडणार म्हटल्यावर मात्र कॅमेरे वळले. रेल्वेच्या छंदिष्टांचे कार्य याहून अधिक नियमित आहे. अमेरिकेत शिकणाऱ्या काही भारतीय विद्यार्थ्यांनी १९८९ मध्ये सुरू केलेल्या ‘इंडियन रेल्वेज फॅन क्लब’ या मंडळाच्या द्वारा देशभरातील रेल्वेप्रेमी आपली चित्रे एकमेकांस दाखवू लागले. मुंबई विभागातील गाड्या पूर्वी १,५०० व्होल्ट एकदिश विद्युत् प्रवाहावर धावत. उर्वरित देशातील २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहाच्या पद्धतीत त्यांचे रूपांतर टप्प्याटप्प्याने होऊन मध्य रेल्वेवर ते २०१६ मध्ये पूर्ण झाले. कसारा व बोर घाटांत गाडीला मागून रेटा देणारी जुनी एकदिश इंजिने त्याबरोबर नाहीशी झाली. कल्याण स्थानक व तेथील इंजिनशाळा यांच्या आसपास रेल्वेप्रेमींनी क्रमांक व दिनांकासह घेतलेली या इंजिनांची चित्रे ही त्यांच्या अखेरच्या वर्षांची काळजीपूर्वक केलेली नोंद होय.

प्रवासचित्रांच्या बाबतीत डोंबिवलीचे नाव गिरिभ्रमणामुळे विशेष घ्यावे लागते. सह्याद्रीच्या पायथ्याशी नेणारी कसारा व कर्जतची लोकल येथूनच जात असल्याने शनिवारी रात्री निघून रविवारी परतणारे गट या भागात पूर्वीपासून आहेत. डोंबिवलीच्या ‘ट्रेकक्षितिज’ या संस्थेने महाराष्ट्रातील किल्ल्यांची माहिती, वाटा, नकाशे व छायाचित्रे आपल्या संकेतस्थळावर मराठीत उपलब्ध करून दिली. हे काम तिच्या हौशी सभासदांनी केले असून त्याची उपयुक्तता छायाचित्राच्या सौंदर्यापेक्षा नेमकेपणात आहे. पाण्याचे टाके, दरवाजाची कमान, तटातील चोरवाट, वाट चुकण्याची जागा अशी चित्रे पाहून अपरिचित मनुष्य गडावर जाऊ शकतो. ज्या गडांची पडझड अद्याप चालू आहे तेथे अमुक वर्षी कमान उभी होती, हे सांगण्यास असे चित्रच उपयोगी पडते.

निसर्गचित्रणाचे स्वरूप थोडे निराळे आहे. ठाण्याच्या खाडीत येणाऱ्या रोहित पक्ष्यांमुळे तिच्या १,६९० हेक्टर क्षेत्रास २०१५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ते रामसर करारातील पाणथळ क्षेत्रांच्या यादीत समाविष्ट झाले. येऊरचे जंगल व घोडबंदर मार्गावरील ओवळेकर वाडीचे फुलपाखरू उद्यान ही छायाचित्रकारांची आवडती ठिकाणे आहेत. ‘आयनॅचरलिस्ट’ (२००८) व ‘ई-बर्ड’ यांसारख्या जागतिक नोंदसंग्रहांत हौशी निरीक्षक चित्रासह नोंद करतात आणि इतर जाणकार ओळख पडताळून पाहतात. अशी पडताळलेली नोंद शास्त्रज्ञांना वापरता येते. केवळ ‘सुंदर पक्षी’ असे शीर्षक असलेले चित्र कितीही सुबक असले, तरी त्यांच्या उपयोगाचे नसते.

सर्वांत मोलाची चित्रे मात्र पुष्कळदा छंद म्हणून घेतलेलीच नसतात. फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील रस्ता गुलाबी झाल्याची चित्रे रहिवाशांच्या फोनवरून सर्वत्र गेली आणि रासायनिक प्रदूषणाच्या जुन्या तक्रारीकडे शासनाला लक्ष द्यावे लागले. तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी स्वतः त्या जागेस भेट दिली. त्यापूर्वी जानेवारी २०१४ मध्ये याच शहरात हिरवट पाऊस पडल्याची अशीच चर्चा झाली होती. जुलै २०१९ मध्ये बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकलेल्या महालक्ष्मी एक्सप्रेसची चित्रेही आतील प्रवाशांनीच प्रथम बाहेर पाठविली. १९७० च्या दशकात घडले असते, तर यांतील पहिल्या घटनेबद्दल एखादा अर्ज लिहिला गेला असता, एवढेच.

दुष्परिणाम : चित्र पाहून त्या जागी जाण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. पण ज्या जागा थोड्यांनाच माहीत असल्याने टिकल्या होत्या त्यांच्यावर या प्रसिद्धीचा भार पडतो. कलावंतीण सुळका व नासिक जिल्ह्यातील हरिहर गड यांच्या खड्या पायऱ्यांची चित्रे प्रसृत झाल्यावर तेथे सुटीच्या दिवशी धोकादायक गर्दी होऊ लागली. कास पठारावर दररोजच्या प्रवेशसंख्येस मर्यादा घालावी लागली. ठाणे जिल्ह्यातही पावसाळ्यात धबधब्यांजवळ जाण्यास मनाई करणारे आदेश जिल्हा प्रशासनाने वेळोवेळी काढले आहेत. पक्ष्यांच्या घरट्याजवळ जाऊन चित्र घेतल्याने पिलांना धोका पोहोचतो, म्हणून काही स्पर्धांनी घरट्यावरील चित्रे स्वीकारणे बंद केले असून जाणते निरीक्षक दुर्मिळ पक्ष्याची नेमकी जागा उघड करीत नाहीत. म्हणजे, स्थळाची अचूक नोंद वास्तूच्या बाबतीत गुण ठरते आणि घुबडाच्या बाबतीत दोष.

कायदा : भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार छायाचित्र घेणारी व्यक्ती ही त्या कृतीची कर्ती मानली जाते. मोबदला देऊन दुसऱ्याकडून काढवून घेतलेल्या चित्राचा प्रताधिकार, वेगळा करार नसल्यास, काढवून घेणाऱ्याकडे जातो. पूर्वी हा अधिकार प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकत असे. २०१२ च्या दुरुस्तीने छायाचित्राचे वेगळे कलम वगळण्यात आले आणि आता तो कर्त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पाचे किंवा वास्तूचे चित्र घेण्याने प्रताधिकाराचा भंग होत नाही. इंटरनेटवर मांडलेले चित्र कोणीही उचलून वापरावे असा समज रूढ आहे. तो चुकीचा आहे. ज्यांना आपले चित्र इतरांनी वापरावे असे वाटते ते ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ हा खुला परवाना (२००२ पासून) देऊ शकतात. विकिमीडिया कॉमन्स (२००४) या मुक्त संग्रहात अशाच परवान्याची चित्रे असतात. वास्तूंच्या छायाचित्रांची ‘विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स’ ही स्पर्धा भारतात २०१२ मध्ये प्रथम झाली.

जतन : फिल्मचा शत्रू म्हणजे कोकणपट्टीची दमट हवा. तिच्यामुळे निगेटिव्हवर बुरशी चढते, भिंगात जाळे धरते, अल्बमची पाने चित्रांना चिकटतात. तरीही कपाटात विसरलेली कृष्णधवल निगेटिव्ह पन्नास वर्षांनी छापता येते. अंकीय चित्राचे तसे नाही. ते शाबूत तरी असते किंवा अजिबात नसते. शिवाय ज्या संकेतस्थळांवर ते ठेवलेले असते ती खासगी कंपन्यांची मालमत्ता असून त्यांचे आयुष्य एखाद्या साध्या अल्बमपेक्षाही कमी असल्याचा अनुभव आहे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. पिकासा व पॅनोरामिओ २०१६ मध्ये बंद करण्यात आले. नकाशावर चित्रे लावण्यासाठी अनेकांनी घेतलेली मेहनत व त्या चित्रांखालील टिपणे त्यांबरोबर गेली. फ्लिकरची मालकी एकाहून अधिक वेळा बदलली. २०१९ पासून त्यावरील विनामूल्य खात्यास एक हजार चित्रांची मर्यादा आली व जास्तीची चित्रे काढून टाकण्याचे धोरण जाहीर झाले. मात्र त्यापूर्वी खुल्या परवान्याने दिलेली चित्रे त्यातून वगळण्यात आली. ज्यांनी आपला हक्क अंशतः सोडला त्यांचीच चित्रे सुरक्षित राहिली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

२०२२ नंतर शब्दांच्या वर्णनावरून संगणकाने हुबेहूब चित्र तयार करण्याची साधने सर्वांच्या हाती आल्यामुळे मूळ संचिका, तिच्यातील नोंद आणि चित्र घेणाऱ्याचे नाव यांचे महत्त्व आणखी वाढले आहे. पुस्तकांसाठी या भागात जुनी सोय आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ मध्ये आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये स्थापन झाले. नागरिकांनी घेतलेली चित्रे दिनांक, स्थळ व परवान्यासह स्वीकारून सांभाळण्याची तशी परंपरा अद्याप रुजलेली नाही. अशा संग्रहास लागणारी साधने खर्चिक नाहीत. एकच चित्र निदान दोन ठिकाणी ठेवणे, दर काही वर्षांनी नव्या तबकडीवर उतरविणे आणि मूळ आकारात राखणे एवढे त्यास पुरते. अवघड आहे ते वर्णन. पत्री पुलाच्या चित्रातील मागची चाळ कोणती आणि ती केव्हा पाडली गेली, हे सांगणारी माणसे आज कल्याणात आहेत.